आवडता सुगंध बाजारातून बंद झालाय? घाबरून खरेदी करण्याआधी हे वाचा

दसरा झाला की फोनवर मेसेज येऊ लागतात. "गेल्या वर्षीची ती फुलांच्या वासाची मेणबत्ती हवी आहे, वीस नग. वास मात्र तोच पाहिजे." तुम्ही आनंदाने हो म्हणता, नेहमीच्या दुकानदाराला फोन लावता आणि तो शांतपणे सांगतो, "ताई, ते तेल आता येत नाही." घरातल्या बाटलीत तर तळाशी थोडंसंच उरलेलं असतं.

घरून मेणबत्त्या करणाऱ्या प्रत्येकीवर आणि प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते, मग तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की बेळगावला. कधी सुगंधी तेल बंद होतं, कधी ज्या मेणावर तुमचा हात बसला आहे ते मिळेनासं होतं. अशा वेळी मिळेल तिथून, मिळेल त्या भावाने माल उचलला जातो आणि दिवाळीची कमाई त्यातच जाते. म्हणून या वेळी आपल्या सदरात हाच विषय घेऊ या.

आधी विचारा: बंद झालं की नाव बदललं?

सुगंधी तेल तुमच्यापर्यंत तीन-चार हातांतून येतं. ते तयार करणारी कंपनी वेगळी, मोठ्या पिंपांत ते विकत घेणारा वितरक वेगळा आणि शंभर मिलीच्या बाटल्या भरून त्यावर स्वतःचं नाव लावणारा विक्रेता वेगळा. "मॉर्निंग गार्डन" किंवा "रॉयल मोगरा" हे नाव बहुतेक वेळा या शेवटच्या विक्रेत्याने दिलेलं असतं. त्याने ते विकणं थांबवलं, तरी मूळ तेल दुसऱ्या कुणाकडे दुसऱ्या नावाने मिळत असू शकतं.

त्यामुळे दुकानदाराला "आहे का?" एवढंच विचारून फोन ठेवू नका. तीन गोष्टी विचारा. मूळ कंपनीनेच बनवणं थांबवलं का? की तुम्हीच मागवणं बंद केलंत? की तेल येतं, पण आतली पाककृती बदलली? पहिल्या कारणात शोध लांबतो, दुसऱ्यात दोन-चार फोनवर काम होऊ शकतं. तिसऱ्यात मात्र सावध राहा. लेबल जुनंच आणि वास नवा, असा घोळ त्यातूनच होतो.

का बंद झालं, हे कळणं जास्त महत्त्वाचं

सगळीच तेलं खप कमी झाला म्हणून बंद होत नाहीत. कधी कच्चा माल अडतो. ३१ ऑक्टोबर २०१७ ला जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन इथे बीएएसएफ कंपनीच्या सिट्राल कारखान्यात आग लागली. सिट्राल म्हणजे लिंबासारख्या, गवती चहासारख्या वासाचा घटक. त्याच्यापासून पुढे फुलांच्या वासाचे कितीतरी घटक बनतात. एका कारखान्यातल्या आगीमुळे जगभरच्या सुगंध कंपन्यांना काही महिने टंचाई सोसावी लागली. अशा कारणाने थांबलेलं तेल परत येऊ शकतं. तिथे थोडा धीर धरलेला बरा.

कधी मात्र घटकच नियमातून बाद होतो. लिली ऑफ द व्हॅली हे फूल ऐकून माहीत असेल. त्या फुलातून नेहमीच्या पद्धतीने तेल काढता येत नाही, त्यामुळे त्याचा वास प्रयोगशाळेतच जुळवावा लागतो. त्यासाठी वर्षानुवर्षं लिलियाल नावाचा घटक वापरला जाई. प्रजननक्षमतेला घातक ठरवल्यामुळे युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत तो बंद केला. त्याआधी लायरल हा याच जातीच्या वासाचा घटक अ‍ॅलर्जीच्या कारणाने तिथे बाद झाला होता. एकच तेल साबण, लोशन आणि मेणबत्ती या तिन्हींसाठी विकणाऱ्यांना पाककृती बदलणं भाग पडलं.

आता विचार करा. कुणी "जुन्या पाककृतीचं, अगदी ओरिजिनल" असं सांगून अशा तेलाची बाटली दुप्पट भावात देऊ केली, तर घ्यायची का? आपण ते तेल हाताने मोजतो, गरम मेणात ढवळतो, त्याची वाफ श्वासात घेतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असू शकते. जे तेल प्रकृतीच्या कारणाने बंद झालं, त्याच्या मागे लागू नका. तिथे नव्या पाककृतीचंच तेल घ्या.

हे ओळखायचं कसं? प्रत्येक तेलासोबत सुरक्षा माहितीपत्रक मागा. व्यापारी त्याला एसडीएस म्हणतात. त्यात धोकादायक घटकांची नावं आणि त्यांचे कॅस नंबर असतात. कॅस नंबर म्हणजे त्या रसायनाचा आधार क्रमांकच म्हणा ना! नाव बदललं तरी तो बदलत नाही. लिलियालचा नंबर ८०-५४-६ आणि लायरलचा ३१९०६-०४-४. सोबत इफ्रा प्रमाणपत्रही मागा. सुगंध व्यवसायाच्या या जागतिक संघटनेच्या नियमांत मेणबत्त्या बाराव्या वर्गात येतात, म्हणून त्या वर्गासमोरचा आकडा बघा.

उरलेल्या तेलाचा हिशोब आधी, ऑर्डर नंतर

समजा, बाटलीत २०० ग्रॅम तेल उरलं आहे. तुम्ही मेणाच्या ६ टक्के तेल घालता आणि एका ग्लासात १५० ग्रॅम मेण बसतं. म्हणजे एका मेणबत्तीला ९ ग्रॅम तेल. कागदावर २२ मेणबत्त्या होतात आणि वीस नगांची ऑर्डर घ्यायला हात शिवशिवतो.

थांबा. १० ग्रॅम तेल छोट्या गडद बाटलीत वेगळं काढा. ही तुमची साक्षीदार बाटली. पुढे नवं तेल जुळवायचं तर तुलना हिच्याशीच होणार. आणखी ९ ग्रॅममध्ये एक नमुना मेणबत्ती करून ठेवा, कारण बाटलीतला वास आणि पेटलेल्या मेणबत्तीतला वास वेगळा असतो. उरलं १८१ ग्रॅम, म्हणजे जेमतेम २० मेणबत्त्या. भांड्याला आणि चमच्याला थोडं चिकटणारच. म्हणून ऑर्डर १८ चीच घ्या. हे सगळं मिलीमध्ये नाही, काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. प्रत्येक तेलाचं वजन वेगळं असतं.

साक्षीदार बाटली गळ्यापर्यंत भरलेली ठेवा, आत हवा कमी राहील. तारीख लिहा आणि गॅसपासून, खिडकीपासून दूर, थंड कपाटात ठेवा. संत्रं-लिंबासारखे वास हवेने आणि उन्हाने लवकर उतरतात. व्हॅनिला असलेलं तेल काळपट होत जातं. तो व्हॅनिलिनचा गुण आहे, नुसत्या रंगावरून तेल खराब समजू नका.

शोध कुठे घ्यायचा?

दिल्लीत असाल तर खारी बावलीजवळचा तिलक बाजार पालथा घाला. रसायनं, सुगंध आणि मेण यांचा तो जुना घाऊक बाजार आहे. मुंबईकरांना प्रिन्सेस स्ट्रीटचा परिसर माहीत असेलच. हैदराबादला चारमिनारच्या आसपास अत्तरवाल्यांची जुनी दुकानं आहेत. जाताना साक्षीदार बाटली आणि कागदाच्या कोऱ्या पट्ट्या घेऊन जा. एका पट्टीवर आपलं तेल, दुसरीवर दुकानातलं. लगेच निर्णय देऊ नका. पहिल्या पाच मिनिटांत वरवरचा वास येतो, खरा स्वभाव तासा-दोन तासांनी कळतो. जमल्यास पट्ट्या वेगवेगळ्या पिशव्यांत घालून घरी न्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगा.

अत्तराचं नाव निघालं की कनौजची आठवण येतेच. तिथे देग-भपक्यात गुलाब, केवडा, अगदी पावसात भिजलेल्या मातीचंही अत्तर काढतात. कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही आहे. पण खरं अत्तर महाग असतं आणि ते अंगावर लावण्यासाठी केलेलं असतं. मेणात घातल्यावर त्याचा वास खोलीभर पसरेलच असं नाही. मेणबत्तीसाठी सहसा मेणात जमणारं सुगंधी तेलच सोयीचं पडतं. कनौजचा खरा उपयोग वेगळा आहे. तिथे १९९१ पासून केंद्र सरकारचं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे. तिथे तपासणी होते, प्रशिक्षणही मिळतं. तेलात कोणकोणते घटक किती आहेत, हे जीसी-एमएस नावाच्या तपासणीत बरंचसं कळतं. जुना वास जुळवून देणाऱ्या कंपन्यासुद्धा याच तपासणीपासून सुरुवात करतात.

जुळवून घेण्याचा मार्ग खुला आहे, पण एकटीला तो परवडत नाही. आपल्या मुंबईची एस. एच. केळकर कंपनी १९२२ पासून सुगंधाच्या व्यवसायात आहे. पण अशा मोठ्या कंपन्यांचा व्यवहार घाऊक असतो, शंभर मिलीसाठी कुणी वास जुळवून देत नाही. छोटे सुगंधकार करून देतात, पण तेही किलोच्या हिशोबात बोलतात. इथे आपली भिशी कामाला येते. एकाच वासाची गरज असलेल्या पाच-सात जणी एकत्र या, पैसे जमा करा, एका पिंपाची ऑर्डर द्या आणि काट्यावर वाटून घ्या. वाटण्याआधी प्रत्येकीने नमुना जाळून पाहायचा, हा नियम मात्र ठेवा.

"जुना स्टॉक आहे" असं कुणी म्हणालं तर

पैसे देण्याआधी बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि सीलबंद बाटलीचा फोटो मागवा. आधी फक्त सर्वांत छोटी बाटली घ्या. तेल गढूळ असेल, तळाशी साका असेल किंवा वासात आंबटपणा, जुन्या रंगासारखा उग्रपणा असेल, तर पुढे जाऊ नका. १०० ग्रॅम मेणात ६ ग्रॅम घालून एक मेणबत्ती करा. सोया मेण असेल तर आठवडा-दोन आठवडे मुरू द्या, मग पेटवा. साक्षीदार मेणबत्ती दुसऱ्या खोलीत लावा आणि काहीही न सांगता घरातल्यांना ओळखायला सांगा. तुमच्या नाकापेक्षा त्यांचं नाक निःपक्षपाती असतं.

कुरियरचंही विचारून ठेवा. ज्या तेलाचा फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आहे, ते विमान वाहतुकीत ज्वलनशील द्रव मानलं जातं. पार्सल अडून बसण्यापेक्षा रस्त्याने येणारं कुरियर बरं.

मेणच बदलावं लागलं तर

खास मेणाच्या बाबतीत नावापेक्षा गुण बघा. वितळण्याचा अंश किती, ग्लासात ओतायचं की साच्यात उभं करायचं, किती टक्के तेल धरतं, या तीन गोष्टी जुन्या मेणाच्या पाकिटावरून लिहून काढा आणि त्यांच्याशी जुळणारं मेण मागा.

पॅराफिन आपल्या देशातच तयार होतं, आसामच्या दिग्बोई आणि नुमालीगढ रिफायनऱ्यांचं नाव त्यात येतं. घेताना फुली रिफाइन्ड आहे ना, हे विचारा. सेमी रिफाइन्ड मेणात तेलाचा अंश जास्त राहतो. ग्लाससाठीचं मऊ सोया मेण ५० अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात नागपूर किंवा अहमदाबादला उन्हात उभ्या टेम्पोत त्याचं काय होईल, हे सांगायला नको! खरं मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. थर्मामीटर घालून बघा, बराच आधी पातळ झालं तर भेसळीची शंका घ्या.

कडकपणा आणणारं एखादं खास मिश्रण बंद झालं, तर पॅराफिनमध्ये स्टिअरिक अ‍ॅसिड घालून काम भागू शकतं. वायबारसारखी पूड वापरत असाल तर अर्धा ते एक टक्क्याच्या पुढे जाऊ नका, नाहीतर ती वास आतच धरून ठेवते. आणि मेण बदललं की वात पुन्हा तपासायचीच. जुनी वात नव्या मेणात कधी बुडते, कधी काजळी धरते. ग्लास जास्त तापून तडकला तर प्रश्न वासाचा राहत नाही.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

खरं ते सांगा. "ते तेल बंद झालं आहे. त्याच्या जवळचा वास मिळाला आहे, नमुना पाठवते. आवडला तरच ऑर्डर पक्की करू." कुणाला तो वास आईच्या देवघराची आठवण देत असेल, कुणाला माहेरच्या अंगणाची. तिथे "सेम टू सेम" म्हणून दुसरंच काही दिलं, तर पहिल्या वातीलाच कळतं. मग ते गिऱ्हाईक परत येत नाही आणि का आलं नाही, हे तुम्हाला कधी सांगतही नाही. उलट खरं सांगितलं, तर बरेच जण नव्या वासाला संधी देतात. शेवटच्या १८ मेणबत्त्या कुणाला द्यायच्या, हेही मग तुम्हाला ठरवता येतं. ज्यांना त्या वासाची खरी ओढ आहे, त्यांना आधी कळवा.

आज एक काम कराच. तुमच्या सर्वांत जास्त खपणाऱ्या तीन सुगंधांच्या साक्षीदार बाटल्या भरून ठेवा आणि त्यावर विक्रेत्याचं नाव, बॅच नंबर आणि तारीख लिहा. तेल बाजारात मिळतंय, तोवरच हे काम सोपं आहे.