हळद गेली कुठे?

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास या पानावर मी कोणाकडे तरी काहीतरी मागत असतो. मागे एकदा छत्र्या करणाऱ्यांकडे न हरवणारी छत्री मागितली होती. ती अजून आलेली नाही. तरीही यंदा मागणे आहेच, आणि ते आहे संगणकवाल्यांकडे. व्हिडिओचे बिघडलेले रंग नीट करण्याची जी सॉफ्टवेअरे निघाली आहेत, ती रचणाऱ्या शहाण्या माणसांकडे.

या भानगडीत मी पडलो तो भाचीच्या लग्नामुळे. लग्नाला रीतसर फोटोग्राफर होता; पण हळदीचा कार्यक्रम घरातल्याच तिघांनी आपापल्या मोबाईलवर टिपला. एकाच्या चित्रात मांडव निळसर, दुसऱ्याच्यात तांबूस, तिसऱ्याच्यात सगळेच पिवळे. ताई म्हणाली, "तू एवढा संगणकापुढे बसलेला असतोस, तर एवढं नीट करून दे की!" थोरल्या बहिणीपुढे नाही म्हणण्याची आमच्या घरात चाल नाही.

पूर्वी हे काम सिनेमाच्या लॅबमध्ये चाले. प्रिंट काढताना लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उजेडांचे प्रमाण शॉटगणिक ठरवायचे. प्रत्येक उजेडाला १ ते ५० अशा पायऱ्या. मग संगणक आला. २००० साली कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा चित्रपट निघाला. चित्रण झाले मिसिसिपीत, ऐन उन्हाळ्यात, जिकडे तिकडे हिरवेगार असताना. आणि दिग्दर्शकांना तर हवा होता धुळीने माखलेला, सुकलेला मुलूख. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी सगळा चित्रपट संगणकात घालून हिरव्याचे पिवळे करून घेतले. ज्या यंत्रांसाठी एके काळी कंपन्या लाखो डॉलर मोजत, त्यांचा वारसा सांगणारे 'डाविंची रिझॉल्व्ह' आज घरच्या संगणकावर फुकटही मिळते. मी कोणते सॉफ्टवेअर वापरले ते मात्र सांगत नाही. उगाच त्याची बदनामी कशाला?

तर मी बसलो, आणि 'आपोआप' असे लिहिलेले बटण दाबले. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मांडव स्वच्छ झाला, भिंत पांढरीशुभ्र झाली, आणि नवरीच्या गालावरची हळद नाहीशी झाली! पाच सवाष्णींनी गाणी म्हणत लावलेली हळद यंत्राने पुसून टाकली. त्याचा हिशेब सरळ होता: चित्रात पिवळे फार, म्हणजे दिवा पिवळा असणार, तेव्हा पिवळे काढा. बैठकीच्या खोलीतल्या बल्बपुरता हा हिशेब ठीक आहे. पण हळदीच्या दिवशी पिवळे हा दोष नव्हे हो, तोच तर समारंभ!

तेवढ्यावर थांबतो तर बरे होते. पण शेजारीच चेहरा सुधारण्याचे बटण होते. तेही दाबले. भाची आमची सावळी आहे. पडद्यावर ती गोरीपान झाली. ताई हरखून म्हणाली, "बघ, कशी लक्ष्मीसारखी दिसतेय!" भाचीने बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "मामा, ही कोण?"

मी हसण्यावारी नेऊ लागलो, तशी ती म्हणाली, "लहानपणापासून ऐकतेय, रंग जरा हा आहे, पण नाकीडोळी नीटस. निदान माझ्या हळदीत तरी तो 'पण' नको होता."

वाचकहो, त्या वेळी माझी मान खाली गेली. चार वर्षांपूर्वी विवाहमंडळात द्यायचा तिचा फोटो 'जरा उजळ करा' असे फोटोग्राफरला सांगून मीच आणला होता. यंत्राने नवे काही केले नव्हते. माझाच कित्ता गिरवला होता.

त्या रात्री मी सगळे पुसून नव्याने सुरुवात केली. चित्रात खरोखर पांढरे काय आहे ते आधी शोधायचे असते. पांढऱ्या सदऱ्यात मीच उभा होतो; पुढचा भाग हळदीने माखलेला, म्हणून बाहीवर खूण केली. बाही पांढरी झाली, मांडव ताळ्यावर आला, आणि हळद गालावर राहिली. मग या सॉफ्टवेअरांत रंग मोजण्याची एक गोल तबकडी असते, तिच्याकडे वळलो. तिच्यावर लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक रेघ आहे. माणसाची कातडी सावळी असो की गोरी, नीट उजेडात तिचा रंग त्या रेघेच्या आसपासच पडतो! फरक असतो तो मुख्यतः उजळपणाचा, आणि रंग किती गडद याचा. ताईला बोलावून ती रेघ दाखवली. ती काही बोलली नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहू लागली.

आता माझ्या मागण्या. पहिली: 'आपोआप' बटणाने काम करण्यापूर्वी विचारावे, 'हे पिवळे दिव्याचे की हळदीचे?' दुसरी: माणसाच्या वर्णाला सांगितल्यावाचून हात लावू नये, लावलाच तर काय केले ते साध्या शब्दांत लिहून ठेवावे. तिसरी: त्याला आमचे रंग कळावेत. डाळिंबी, आमसुली, अबोली, मोतिया हे आमच्या बायकांना अंधारातही ओळखू येतात. यंत्राला मात्र अंश आणि टक्के सांगावे लागतात. 'शालू जरा अंजिरीकडे ने' म्हटले की त्याने न्यावा. चौथी: तासभर एकाच चित्राकडे पाहिले की डोळा त्या रंगाला सरावतो आणि चुकीचेही बरोबर वाटू लागते. म्हणून तर या धंद्यातले लोक करड्या भिंतीच्या खोलीत बसतात. तेव्हा तासाने यंत्रानेच म्हणावे, 'उठा, चहा घ्या, खिडकीबाहेर पाहा.' आमच्या घरी हे काम सौभाग्यवती करते, पण तिचा सूर वेगळा असतो.

चित्रफीत तयार झाल्यावर ताईच्या टीव्हीवर सर्वांनी मिळून पाहिली. हळद पिवळीधमक होती, भाची सावळी होती आणि पोट धरून हसत होती. ताई पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगदी आईसारखी दिसते रे!"

आमची आई सावळीच होती. तिचे फोटो सगळे काळेपांढरे. म्हणून की काय, आम्ही ते विसरून गेलो होतो.

तेव्हा संगणकवाल्यांनो, एवढे जमवाच. छत्री नाही आली तरी चालेल.