पिल्लू आणण्याआधी



माळेगावच्या यात्रेत कारवानी कुत्री पाहिली की पोरं पिल्लासाठी हट्ट धरतात. लातूर जिल्ह्यातलं जानवळ तर या जातीसाठी नावाजलेलं. पण आधी घरात बसून तीन गोष्टी ठरवा.

ऐन सुगीतही त्याला वेळेवर भाकरी-पाणी कोण देईल? हे पळणारं जनावर. दिवसभर साखळीला राहिलं तर चिडखोर होतं. रोज रानात कोण नेईल? तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा रेबीजची लस कोण टोचून आणेल? या रोगाची लक्षणं दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. म्हणून कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

तिन्ही कामांपुढे घरातल्या कुणाचं नाव लागलं, तरच पिल्लू आणा.