खोका वाढवू नका, वायर ओढा

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचं आहे. विषय : गावाकडच्या घरातलं वाय-फाय.

धाराशिव जिल्ह्यातली जुनी माळवदाची घरं बघितली असतील तुम्ही. दगड-मातीच्या जाडजूड भिंती. उन्हाळ्यात घर गार ठेवतात, पण वाय-फायला दारातच अडवतात. मग पुण्यात नोकरी करणारा मुलगा सहा अँटेनांचा महागडा राउटर आणतो, ओसरीत टांगतो आणि रविवारी परत जातो. आतल्या खोलीत अभ्यास करणारी पुतणी मोबाईल घेऊन पुन्हा उंबऱ्यावर!

अहो, राउटर कितीही ओरडला तरी फोनचा आवाज वाढतो का? फोनचं उत्तर राउटरला ऐकू गेलं नाही की संपलं. "रेंज फुल्ल, पण पेज उघडत नाही" याचं कारण बऱ्याचदा हेच.

दुसरा लाडका उपाय म्हणजे रिपीटर. साधा रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा. मेश हे त्याचं श्रीमंत भावंड. ते बरं चालतं, पण भिंत त्यालाही ओलांडावीच लागते.

थोडक्यात काय, तर चांगलं वायरलेस हवं असेल तर आधी वायर ओढा. कॅट-सिक्स केबल 100 मीटरपर्यंत चालते. भिंतीला एक भोक पाडा, आत दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच. आयपी पत्ते वाटायचं काम एकाच राउटरकडे, दुसरा ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये. 2.4 गिगाहर्ट्झवर चॅनेल 1, 6 आणि 11 यांतलेच, शेजारी-शेजारी वेगवेगळे. आणि पॉवर कमी करा, कारण कुणाला चिकटायचं ते फोन ठरवतो, आणि तो लांबच्यालाच धरून बसतो. पीओई स्विच घेतला तर वीजही त्याच केबलमधून जाते. तो स्विच आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवले, की लाइट गेली तरी नेट चालू.

"पण वायर वाईट दिसते हो!" मी वायर ओढायला काढली तेव्हा आमच्याकडेही हेच ऐकलं. घरात पहिला दिवा आला तेव्हा कुणी असं म्हणालं होतं का?

हेच गावालाही लागू. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना 2011 साली मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट. 2018 मध्ये आपला जिल्हा 'आकांक्षित' यादीत आला. पण पंचायतीत एक खोका बसवला म्हणून गाव जोडलं गेलं असं नाही. त्या खोक्याला शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र दिसतच नाहीत. तिथपर्यंतही फायबरच ओढावं लागतं. तांब्याची केबल नको, पावसाळ्यात वीज पडली की दोन्हीकडची उपकरणं जातात.

असो. दिवाळीला गावी जाताना नवा राउटर घेऊ नका. केबलचं एक भेंडोळं आणि ड्रिल मशीन न्या. पुतणी आत बसून अभ्यास करेल.