कोठाराचें देऊळ आणि त्याचें दार

लंडन शहराच्या क्यू या भागांत एक प्रार्थनामंदिर आहे. सरे परगण्यांतील ऑक्स्टेड येथील शेतावरचें जुनें लांकडी कोठार उतरवून त्याच्याच तुळयांवर तें उभारिलें गेलें, आणि १९२९ सालीं तेथें प्रार्थना सुरू झाली. लोक त्यास आजही ‘बार्न चर्च’, म्हणजे कोठाराचें देऊळ, असेंच म्हणतात. ज्या छपराखालीं धान्य सांठत होतें त्याच छपराखालीं देवाची आळवणी व्हावी, यांत आम्हांस कांहींएक उणेपणा दिसत नाहीं. जुनें सागवान कवडीमोलानें विकून सिमेंटचा कळस चढविण्याच्या आपल्याकडील हौसेपेक्षां तें शहाणपणाचेंच आहे.

उद्यां हिंगोली जिल्ह्यांतील पुसेगांवीं कोणा सधन गृहस्थानें मळ्यांतील जुनी कोठी देवकार्यास दिली, तर आम्ही त्याचें अभिनंदन करूं. पण एक प्रश्नही विचारूं. पोतीं वाहून ज्यांच्या खांद्यांस घट्टे पडले, पण ज्यांस गांवानें अस्पृश्य मानिलें, त्यांना मूर्ति बसल्यावर त्याच दारानें आंत येतां येईल ना? धान्याच्या राशीस जो स्पर्श चालला, तो देवास कां चालूं नये? पंढरीचें दार उघडावें म्हणून साने गुरुजींस १९४७ सालीं प्राण पणास लावावे लागले होते.

कायदा आहे, असें कोणी म्हणेल. घटनेचें १७ वें कलम आहे, मंदिरप्रवेशाचा १९५६ चा कायदाही आहे. परंतु मेख ‘सार्वजनिक’ या एका शब्दांत आहे. सातबारा घराण्याच्या नांवें आणि वर्गणी गांवाची, अशी स्थिति असली म्हणजे नकोशा माणसास ‘हें आमचें घरचें देऊळ’ असें सांगावयास पळवाट राहते. वहिवाट शाबीत करून ती बुजवितां येते, हें खरें. पण हातावर पोट असलेल्या मजुरानें त्यासाठीं कोर्टाच्या पायऱ्या किती वर्षें झिजवाव्या?

याच जिल्ह्यांत औंढा नागनाथ आहे. नामदेवांस समोरून उठविलें, ते देवळामागें कीर्तनास उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें, ही आख्यायिका आपण सद्गदित होऊन ऐकतों. दरवेळीं देऊळ फिरण्याची वाट पाहावयाची काय? मूर्ति बसण्यापूर्वींच दानपत्र नोंदवावें, सार्वजनिक न्यास म्हणून संस्था दाखल करावी, आणि पोतीं वाहणाऱ्यांच्या घरांतील निदान दोघांस विश्वस्त नेमावें. व्यापारी मंडळींनीं हे कागद डोळ्यांनीं पाहिल्यावांचून वर्गणीस हात घालूं नये.