पहिले कडवे बालकाचे

मार्गशीर्ष-पौषाच्या संधीस नाताळ येतो. त्या दिवसांत अनेक शाळांतून येशूजन्माची गीते मुलांच्या मुखी असतात. वसईच्या धर्मग्रामांतून ती मराठीत घुमतात. आपल्या घरांतील मुलेही ती शाळेत शिकतात व घरी गुणगुणतात. मग काही सश्रद्ध कुटुंबांत प्रश्न उठतो : परक्या उपासनेची गाणी आमच्या मुलांनी का म्हणावी? हा प्रश्न उपहासाने उडवून देऊ नये, तसाच क्रोधाने सोडवूही नये.

ज्या गीतसेवेचे अनुकरण आज जगभर होते, तिचे स्वरूप प्रथम पाहू. १८८० साली इंग्लंडातील ट्रुरो येथे बिशप बेन्सन यांनी नऊ पाठ व त्यांमध्ये गुंफलेली गीते अशी योजना केली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ती १९१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस आली. महायुद्ध थांबून जेमतेम सहा आठवडे लोटले होते, आणि योजक एरिक मिल्नर-व्हाइट स्वतः रणभूमीवर धर्मोपदेशक म्हणून राहून आले होते. आरंभीचे गीत सेसिल अलेक्झांडर या कवयित्रीने मुलांसाठीच लिहिलेले, १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेले. त्याचे पहिले कडवे एकटा बालगायक वाद्यांच्या साथीविना गातो. तो मान कोणाचा, हे अखेरच्या क्षणापर्यंत मुलांनाही ठाऊक नसते. पहिला पाठ बालगायक वाचतो, शेवटचा त्या विद्यालयाचे प्रमुख. लहानाने आरंभ करावा आणि थोराने त्याच्या मागून यावे, असा हा क्रम आहे.

पाठामागून गीत आणि गीतामागून पाठ, ही रीत कीर्तनकारास अनोळखी कशी वाटेल? निरूपण व पद यांचेच ते नाते. रामनवमीस माध्यान्ही आम्ही जन्माख्यान सांगून पाळणा म्हणतो. तिकडे गव्हाणीतील बालकासाठी अंगाई गातात. हे साम्य नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) पुरते ओळखले होते. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग, भजन व कीर्तन टाकले नाही. उलट आपल्या नव्या उपासनेत ते नेले. त्याही पूर्वी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण ओवीतच अवतरले होते. धर्म बदलला, तरी मराठी भक्तीचा कंठ बदलला नाही.

तथापि एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. गीत ऐकणे-शिकणे वेगळे आणि उपासनेस बसविणे वेगळे. शासनमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान मुलास पालकांच्या संमतीवाचून धर्मोपासनेत सहभागी करता येत नाही, असे आपल्या संविधानाचे २८ वे कलम सांगते. हे संरक्षण सर्वच धर्मांच्या मुलांस आहे. आपल्या शाळांत प्रार्थना लावताना ख्रिस्ती व मुसलमान बालकांच्या बाबतीतही त्याचे स्मरण असावे. जो न्याय आपण मागतो, तो दुसऱ्यास देणे हाच धर्म होय.

परंतु आम्हांस खरी चिंता दुसरीच आहे. ज्या मुलास रामजन्माचा पाळणा पाठ आहे, त्याची श्रद्धा दुसऱ्या पाळण्याने ढळत नाही. ढळण्याचे भय असते ते जेथे घरचा पाळणाच मुका झाला आहे तेथे. मंदिरांतून कीर्तन चालू असता आपण मुलांस मागे बसवितो, 'गप्प बसा' म्हणतो, आणि पुढे ती सभामंडपाकडे फिरकत नाहीत म्हणून शोक करतो! ध्रुव-प्रल्हादांची आख्याने रंगवून सांगणाऱ्या आम्हां कीर्तनकारांच्या समोर बालकांस मात्र जागा नसावी, हे शोभत नाही.

वाचकहो, शेजारच्या ख्रिस्ती घरी नाताळचा गोठा पाहावयास मुलांस अवश्य न्या. घरी परतल्यावर आपला पाळणा त्यांच्या मुखी घाला. आणि येत्या रामनवमीस गावच्या कीर्तनकारांस सांगा : बुवा, जन्मकाळी पाळण्याचे पहिले कडवे एखाद्या बालकास गाऊ द्या, आपण सारे मागून म्हणू.