मूठ आपल्या मापाची हवी

बाळापुरात मन आणि म्हैस नद्यांवर पोरं वेळूच्या काठीला गळ बांधून बसतात. भाचीनेही हट्ट धरला. मला तो पटला. पण दुकानातल्या काठीची मूठ तिच्या हातात मावेना. मग बनवूनच घेऊ म्हटलं. कॉर्क हलका, ओल्या हातातूनही निसटत नाही. पण ती पोर्तुगालकडच्या झाडाची साल, नऊ वर्षांनी एकदा निघणारी, म्हणून महाग. फोम स्वस्त, पण माशाची बारीक ओढ हाताला नीट कळू देत नाही. बाभूळ टिकाऊ खरी, पण जड. ती खुरप्यालाच बरी. माझं विचाराल तर वेळूवरच सुती दोरी घट्ट गुंडाळावी, मुठीच्या मापाने. आणि मैत्रिणींनो, दिवसभर निंदणाऱ्या बाईला खुरप्याची मूठ बसवताना कोणी हाताचं माप विचारलंय का हो? सुताराकडे आता आपणच जावं.