आश्वासक, पण आश्वासन कोणाचे?

मराठी पुस्तक-परीक्षणांत नवोदितांसाठी राखून ठेवलेले एक विशेषण आहे : 'आश्वासक'. पहिला कवितासंग्रह आश्वासक असतो, पहिली कादंबरी आश्वासक असते. आणि दुसरे पुस्तक फसले की अपेक्षाभंगाची खंतही आपणच नोंदवतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, याच जागी 'कच्चा' हा शब्द येतो. उंची आहे, लांब हात आहेत, चपळाई आहे, पण खेळ अद्याप घडलेला नाही, असा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणजे कच्चा खेळाडू. दोन्ही शब्दांत एक सोय दडलेली आहे. उद्याचा सगळा भार ते नवोदितावर टाकतात आणि त्याला निवडणारा मात्र मोकळा राहतो. आमच्या मते एखाद्याला कच्चा म्हणून निवडणे म्हणजे त्याला घडवण्याची जबाबदारी पत्करणे होय. आणि ती पाळली गेली की नाही, हे क्वचितच तपासले जाते.

२०१३ साली मिलवॉकी बक्स या संघाने वार्षिक निवडीत पंधराव्या क्रमांकावर यानिस आंतेतोकून्पो या अठरा वर्षांच्या मुलाला घेतले. नायजेरियन आईवडिलांचा, अथेन्समध्ये जन्मलेला हा मुलगा तोवर ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीतील फिलाथ्लिटिकोस या संघाकडून खेळत होता. पहिल्याच हंगामात त्याला ७७ सामने मिळाले. ४८ मिनिटांच्या सामन्यात तो सरासरी २५ मिनिटांच्या आसपास मैदानावर असे. गुण मात्र सरासरी ६.८. संघाने त्या हंगामात ८२ पैकी ६७ सामने गमावले. २०१६च्या सुमारास प्रशिक्षक जेसन किड यांनी जवळजवळ सात फूट उंचीच्या या मुलाच्या हाती चेंडू देऊन त्याला पॉइंट गार्डचे, म्हणजे एरवी बुटक्या व चलाख खेळाडूंकडे असणारे सूत्रधाराचे काम सोपवले. पुढचे सर्वज्ञात आहे : २०१९ आणि २०२० साली सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान, २०२१ साली अजिंक्यपद आणि त्या अंतिम लढतीच्या शेवटच्या सामन्यात ५० गुण. ही कथा प्रतिभेच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. आम्हांला त्यात अधिक मोलाची वाटतात ती पहिल्या हंगामातील २५ मिनिटे. त्यांचे फळ काय येणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही ती दिली गेली.

याच्या उलट बाजू वॉशिंग्टनची. २००१ साली विझार्ड्स संघाने क्वामे ब्राउन या एकोणीस वर्षांच्या मुलाला अगदी पहिल्या क्रमांकावर निवडले. शालेय बास्केटबॉलमधून थेट येऊन हा क्रमांक मिळवणारा तो पहिलाच. त्याला निवडणाऱ्या व्यवस्थापनाचे प्रमुख होते मायकेल जॉर्डन; आणि त्याच वर्षी, वयाच्या ३८व्या वर्षी, ते स्वतः खेळाडू म्हणून त्याच संघात परतले. भविष्यकाळ म्हणून आणलेल्या मुलाला अशा संघात उभे केले गेले, जिथे वर्तमानकाळ दुसऱ्या कोणाचा होता आणि त्याला थांबायला सवड नव्हती. ब्राउन पुढे बारा हंगाम एनबीएत टिकला, तरी 'फसलेली निवड' हा शिक्का त्याच्यावरच बसला, निवडणाऱ्यांवर नव्हे.

केवळ वेळ दिला की सारे साधते, असे मात्र नाही. कवाय लेनर्ड २०११ साली सॅन अँटोनियो स्पर्समध्ये आला तेव्हा महाविद्यालयात त्याच्या तीन गुणांच्या फेकींपैकी जेमतेम चतुर्थांश यशस्वी होत. नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगेलंड यांनी त्याची चेंडू धरण्या-सोडण्याची ठेवण बदलली, आणि पहिल्याच हंगामात, महाविद्यालयापेक्षा लांबच्या रेषेवरून, हे प्रमाण ३७ टक्क्यांवर गेले. 'मेहनत कर' हा उपदेश कोणीही करतो. मनगट आणि कोपर कोठे असावे हे सांगणारा विरळा.

आता एक अवघड उदाहरण. २०१४ साली टोरांटो रॅप्टर्सने ब्राझीलच्या ब्रुनो काबोक्लोला घेतले, तेव्हा एका दूरचित्रवाणी समालोचकाने म्हटले की हा मुलगा 'दोन वर्षांच्या अंतरावर' येण्यापासूनच दोन वर्षे दूर आहे. संघ तेव्हा जिंकत होता. चुका करायला मोकळे मैदान नव्हते. २०१५ साली टोरांटोने रॅप्टर्स ९०५ हा स्वतःचा दुय्यम संघ उभारला. तिथे काबोक्लो खेळला, पास्कल सियाकमही खेळला. सियाकम २०१९च्या अजिंक्यपदापर्यंत पोहोचला. काबोक्लो मुख्य संघाकडून अवघे २५ सामने खेळून २०१८ साली बाहेर पडला. पण २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेविरुद्ध ब्राझीलसाठी ३० गुण करणारा खेळाडू तोच होता. तो पिकला, मात्र ज्यांनी पेरले त्यांच्या अंगणात नाही. पहिल्या फेरीतील नवोदिताचा करार फार तर चार वर्षांचा असतो; माणसाच्या घडणीला ती मुदत ठाऊक नसते.

यावर आक्षेप उघड आहे. प्रशिक्षकाची नोकरी विजयांवर टिकते. मुरलेल्या खेळाडूला बाकावर बसवून नवख्याच्या चुका तो का सोसेल? शिवाय त्या मुरलेल्या खेळाडूनेही आपली जागा घाम गाळूनच मिळवलेली असते. आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे ओझे एकट्या प्रशिक्षकावर टाकता येत नाही. दुय्यम संघ, विशिष्ट कौशल्याचा शिक्षक आणि पराभवांचा हिशेब आधीच मांडून ठेवणारे व्यवस्थापन या तिन्हींनी मिळून ते उचलायचे असते. ज्या संघापाशी हे नाही, त्याने कच्च्या मुलाला निवडू नये. तयार खेळाडू घ्यावा. त्यात निदान प्रामाणिकपणा आहे.

आणि आपण? आपल्याकडे पदार्पणाला पुरस्कार आहेत, प्रकाशन समारंभ आहेत, 'आश्वासक' हे विशेषण आहे. हस्तलिखितावर चार वेळा बसणारा संपादक किती जणांना मिळतो? दुसरे, फसलेले पुस्तक तितक्याच गांभीर्याने वाचून नेमके कोठे बिघडले हे सांगणारा समीक्षक किती जणांना मिळतो? यापुढे हा शब्द लिहिताना त्याचा कर्ता कोण, हे आपण स्वतःला विचारावे. आश्वासन नवोदिताने दिलेले नसते. ते आपण दिलेले असते.